हेन्री, अनाईस आणि जून: ‘प्रेरणा’ तपासायची कशी?



नेट किंवा पेटची तयारी करताना ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे’ हे वाक्य आपण सगळ्यांनी घोकलेलं असतं. परीक्षेत चार पर्यायांपैकी बरोबर पर्यायावर खूणही करतो. पण खरी कसोटी पुढे लागते. एखादी गोष्ट ऐकायला फार छान वाटते, सगळे तीच सांगत असतात, आणि तिथे हे वाक्य नेमकं आठवत नाही.

आज अशीच एक छान वाटणारी गोष्ट घेऊ या. ‘कलावंताला वादळी आयुष्य लागतं. आसक्ती, फसवणूक, विरह या आगीतून गेल्याशिवाय मोठं साहित्य होत नाही.’ हे विधान तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी आहे, साहित्याची नाही. त्यामुळे या कादंबऱ्या चांगल्या की वाईट यात मी शिरणार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की हा दावा तपासायचा ठरवला तर तो तपासणार कसा? पुरावा कुठला, तो कोणी लिहिला, आणि त्यातून नक्की काय सिद्ध होतं?

आधी शब्द नीट करू

संशोधनात पहिलं काम म्हणजे संज्ञा पक्क्या करणं. ‘बोहेमियन’ हा शब्द फ्रेंचमधून आला. रोमा लोक बोहेमिया प्रांतातून आले असावेत अशा समजुतीनं फ्रान्समध्ये त्यांना हे नाव पडलं. पुढे आन्री म्युर्जे या लेखकानं पॅरिसमधल्या कफल्लक कलावंतांच्या कथा लिहिल्या. त्यांचं पुस्तक १८५१ मध्ये आलं आणि त्यावरून पुच्चीनीचा ‘ला बोएम’ हा ऑपेरा १८९६ मध्ये रंगमंचावर आला. तोवर या शब्दाचा अर्थ ठरून गेला होता: खिशात पैसा नाही, लग्न-नोकरीचे संकेत मान्य नाहीत, आणि जगण्याचा केंद्रबिंदू कला.

‘प्रेरणा’ हा शब्द मात्र कोणी ठरवून घेतलेला नाही. प्रेरणा म्हणजे लिहायला विषय मिळणं? लिहायची ऊर्जा मिळणं? की लिहायला वेळ आणि पैसा मिळणं? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण तिन्हींना एकच शब्द वापरतो. ही नोंद करून ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रकरण थोडक्यात

केस स्टडी म्हणून मी निवडलेली माणसं चार आहेत. चार म्हटलं की गोष्ट माहीत असणारे सांगतात, तीनच तर होती! चौथ्याकडे आपण येऊच.

हेन्री मिलर हा न्यूयॉर्कचा, जन्म १८९१. वेस्टर्न युनियन या तार कंपनीत नोकरीला होता. लग्न झालेलं, एक मुलगी. १९२३ मध्ये ब्रॉडवेवरच्या एका नृत्यगृहात त्याला जून मॅन्सफिल्ड भेटली. तिथे तिकीट घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांबरोबर नाचायचं, हे तिचं काम. हेन्रीनं घटस्फोट घेतला, १९२४ मध्ये जूनशी लग्न केलं आणि त्याच वर्षी नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक व्हायचं ठरवलं. १९२६ मध्ये जूनची मैत्रीण जीन क्रॉन्स्की त्यांच्याच घरी राहायला आली आणि दुसऱ्या वर्षी जून हेन्रीला मागे ठेवून जीनबरोबर पॅरिसला गेली.

१९३० मध्ये हेन्री एकटाच पॅरिसला आला. १९३१ च्या अखेरीस, पॅरिसजवळच्या लुव्हसिएन गावात त्याची अनाईस निनशी ओळख झाली. अनाईसचा जन्म १९०३ चा. वडील संगीतकार, ते घर सोडून गेलेले. त्यांना लिहायचं पत्र म्हणून वयाच्या अकराव्या वर्षी, १९१४ मध्ये, तिनं जी डायरी सुरू केली ती आयुष्यभर चालू राहिली. तिचा नवरा ह्यू गायलर पॅरिसमध्ये बँकेत अधिकारी होता. त्याला सगळे ह्यूगो म्हणत. हाच आपला चौथा माणूस.

त्याच डिसेंबरमध्ये जूनही पॅरिसला आली. अनाईस आधी जूनकडे ओढली गेली, आणि जून परत गेल्यावर, मार्च १९३२ पासून, हेन्रीशी तिचे संबंध सुरू झाले. १९३२ संपता संपता जून कायमची निघून गेली. १९३४ मध्ये तिचा आणि हेन्रीचा घटस्फोट झाला, आणि त्याच वर्षी ‘ट्रॉपिक ऑफ कॅन्सर’ ही हेन्रीची पहिली कादंबरी पॅरिसच्या ऑबेलिस्क प्रेसनं छापली. अमेरिकेत ती खुलेपणानं निघायला १९६१ साल उजाडलं आणि न्यायालयातला निकाल लागायला १९६४.

म्हणजे क्रम पाहिला तर आधी प्रेम, मग फसवणूक, मग पुस्तक. ‘वादळातून साहित्य’ हा दावा इथे चपखल बसतो. आता तपासू.

पहिली पायरी: साधन कोणी लिहिलं?

या प्रकरणातली बहुतेक माहिती दोनच लेखण्यांतून आली आहे: अनाईसची डायरी आणि हेन्रीचं लेखन. डायरी हे प्राथमिक साधन, असं आपण पुस्तकात वाचतो आणि ‘प्राथमिक म्हणजे विश्वासार्ह’ असं मनात धरून चालतो. अनाईसची डायरी या समजुतीवर रामबाण औषध आहे.

तिच्या डायरीचा पहिला खंड १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९३१ ते १९३४ हा काळ आहे. हेन्री आहे, जून आहे, लुव्हसिएनचं सुंदर घर आहे, पाहुणे आहेत. नवरा मात्र नाही. ह्यूगोनं स्वतःचा उल्लेख नको असं सांगितलं होतं, म्हणून तो वगळला गेला. हेन्रीशी असलेल्या शारीरिक संबंधांनाही त्यात जागा नाही. १९६६ च्या वाचकांना त्यात एक स्वतंत्र, एकटी, स्वतःच्या मर्जीनं जगणारी लेखिका दिसली. अनेक तरुण मुलींना तिच्यात आदर्श सापडला.

अनाईस १९७७ मध्ये गेली. ह्यूगो १९८५ मध्ये गेला. त्यानंतर, १९८६ मध्ये, ‘हेन्री अँड जून’ या नावानं न गाळलेला भाग बाहेर आला. तेच वर्ष, तीच माणसं, तीच लेखिका, पण गोष्ट वेगळी. आता त्यात नवराही होता आणि फसवणूकही.

विचार करा. १९७० मध्ये कोणी या डायरीवर प्रबंध लिहिला असता आणि ‘लेखिकेच्या आर्थिक स्वातंत्र्याचा तिच्या लेखनावर परिणाम’ असा विषय घेतला असता, तर काय झालं असतं? साधन प्राथमिक, उद्धृतं अचूक, संदर्भसूची निर्दोष, आणि निष्कर्ष चूक. कारण त्या घराचं भाडं भरणारा माणूसच मजकुरातून काढलेला होता. विज्ञानात आपण याला कन्फाउंडिंग व्हेरिएबल म्हणतो, म्हणजे कारण आणि परिणाम या दोन्हींवर प्रभाव टाकणारा पण नोंदीत न आलेला घटक. इथे त्या घटकाला नाव होतं, आडनाव होतं आणि बँकेतली नोकरीही होती.

म्हणून साधन हातात आलं की तीन प्रश्न विचारायची सवय लावा. हे कधी लिहिलं? कधी छापलं? मधल्या काळात यातून काय काढलं, आणि कोणासाठी? दोन तारखांमधलं अंतर मोठं असेल तर तिथे थांबायचंच. ताडून पाहायला दुसरं साधनही शोधायचं. इथे हेन्री आणि अनाईस यांची एकमेकांना लिहिलेली पत्रं आहेत. १९३२ ते १९५३ या काळातली ही पत्रं १९८७ मध्ये पुस्तकरूपात आली. पत्र एकदा पोस्टात पडलं की लिहिणाऱ्याला ते मागे घेऊन सुधारता येत नाही. डायरी येते.

दुसरी पायरी: कालक्रम कागदावर मांडा

‘वादळामुळे साहित्य’ हे गृहीतक खरं असेल तर एक साधं भाकीत करता येतं: वादळ जिथे सर्वांत जोरात, लेखन तिथे सर्वांत चांगलं. औषधशास्त्रात मात्रा आणि परिणाम यांचा आलेख काढतात, तसंच हे. तर हेन्रीचा कालक्रम लावू.

१९२२: जून अजून आयुष्यात नाही. तार कंपनीतल्या तीन आठवड्यांच्या रजेत हेन्री तारवाल्या पोऱ्यांवर पहिलं पुस्तक लिहितो. ते कोणी छापत नाही.

१९२७ ते १९३०: जून, जीन, मत्सर, भांडणं, पैशांची चणचण. आयुष्यातला सर्वांत जळता काळ. या वर्षांत तो दोन कादंबऱ्या लिहितो, ‘मोलॉक’ आणि ‘क्रेझी कॉक’. दोन्हींना त्याच्या हयातीत प्रकाशक मिळाला नाही. त्या छापल्या गेल्या १९९० च्या दशकात, तो १९८० मध्ये वारल्यानंतर.

१९३२ ते १९३४: क्लिशीमध्ये मित्राबरोबर भाड्याचं घर. जून बहुतेक वेळ दूर. रोज वाचून मत देणारी, मसुद्यावर चर्चा करणारी, पैशाची मदत करणारी अनाईस जवळ. या काळात ‘ट्रॉपिक ऑफ कॅन्सर’ पुनःपुन्हा लिहून, कापून, आटवून तयार होते. छपाईचा खर्च अनाईस उभा करते, प्रस्तावनाही तिच्याच नावानं येते.

भाकीत काय होतं आणि घडलं काय? वादळाच्या ऐन भरात दोन फसलेली पुस्तकं. आणि जमलेलं पुस्तक आलं तेव्हा जेवायची सोय झालेली, डोक्यावर छप्पर, एक चांगली वाचक आणि फेरलेखनाला दोन-तीन वर्षं. अर्थात, हा एकच माणूस आहे. नमुन्याचा आकार एक. यावरून ‘वादळ निरुपयोगी’ असाही निष्कर्ष काढता येणार नाही. शिवाय वयानं आणि सरावानंही लेखन सुधारतंच. पण ‘वादळ पुरेसं’ हा दावा मात्र या प्रकरणात टिकत नाही.

मग जूनचा काहीच वाटा नाही? आहे, आणि खूप मोठा आहे. १९२७ मध्ये जून पॅरिसला गेलेली असताना हेन्रीनं त्यांच्या सहजीवनाची टिपणं एका बैठकीत टंकून काढली. त्या थोड्या पानांवर तो पुढे कितीतरी वर्षं लिहीत राहिला. ‘ट्रॉपिक ऑफ कॅप्रिकॉर्न’ १९३९ मध्ये, ‘सेक्सस’ १९४९ मध्ये, मग ‘प्लेक्सस’, आणि सगळ्यात शेवटी ‘नेक्सस’. टिपणं आणि शेवटचं पुस्तक यांत तीस वर्षांहून जास्त अंतर आहे. जूननं त्याला विषय दिला, यात शंका नाही. पण विषय मिळणं वेगळं आणि पुस्तक होणं वेगळं. सुरुवातीला आपण ‘प्रेरणा’चे तीन अर्थ वेगळे केले होते, ते याचसाठी.

तिसरी पायरी: मोठ्या नमुन्यात काय दिसतं?

एका प्रकरणावरून सर्वसाधारण विधान करता येत नाही, म्हणून संख्यात्मक अभ्यासांकडे वळू. दोन अभ्यास सांगते. दोन्ही २००६ च्या आसपासचे, आणि दोघांची पद्धत वेगळी.

पहिला ब्रिटनमधला, डॅनियल नेटल आणि हेलन क्लेग यांचा. त्यांनी ४२५ प्रौढांना प्रश्नावली दिली. त्यात कवी आणि चित्रकारही होते. गंभीरपणे कला करणाऱ्यांनी सांगितलेली लैंगिक जोडीदारांची संख्या इतरांपेक्षा सरासरीनं जास्त निघाली. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. पण तुम्ही संशोधक म्हणून काय विचाराल? एक, हा सर्वेक्षणात्मक अभ्यास आहे, त्यामुळे कलेमुळे जोडीदार वाढले, जोडीदारांमुळे कला वाढली, की तिसऱ्याच एखाद्या स्वभावगुणामुळे दोन्ही, हे निव्वळ या आकड्यावरून ठरत नाही. दोन, माहिती लोकांनी स्वतः सांगितलेली आहे. तीन, जोडीदारांची संख्या म्हणजे बेइमानी नव्हे. सहा वर्षांत सहा प्रामाणिक नाती असू शकतात आणि वीस वर्षांच्या एका लग्नात फसवणूक असू शकते. मोजलं एक आणि मथळ्यात आलं दुसरं, असं झालं की वैधतेचा प्रश्न उभा राहतो.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, व्लादास ग्रिस्केव्हिशियस, रॉबर्ट चाल्डिनी आणि डग्लस केनरिक यांचा. शोधनिबंधाच्या शीर्षकातच पिकासो आणि मोर आहेत! हा प्रयोग होता. सहभागींना आधी प्रणयाची कल्पना करायला लावली आणि मग सर्जनशील लेखन करायला दिलं. ते लेखन परीक्षकांनी तपासलं. पुरुषांचं लेखन अशा कल्पनेनंतर जास्त सर्जनशील ठरलं. स्त्रियांमध्ये मात्र तसा परिणाम विश्वासू, दीर्घकाळ साथ देणाऱ्या जोडीदाराच्या कल्पनेनंतरच दिसला. इथे कार्यकारणभाव बोलता येतो, कारण कोणाला कुठली कल्पना द्यायची हे संशोधकांच्या हातात होतं. पण काय मोजलं? काही मिनिटांत लिहिलेला छोटा मजकूर. कादंबरी नाही. दोन वर्षं एकच हस्तलिखित पुन्हा पुन्हा कापत बसण्याची ताकद अशा प्रयोगात येऊच शकत नाही.

म्हणजे बघा, केस स्टडीत खोली आहे पण संख्या नाही. सर्वेक्षणात संख्या आहे पण दिशा नाही. प्रयोगात दिशा आहे पण खऱ्या आयुष्याचा पल्ला नाही. कुठलीच पद्धत टाकाऊ नसते. प्रत्येक पद्धत कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते, ते मात्र नीट लिहायला लागतं. मुलाखतीत ‘हीच पद्धत का निवडली?’ असं विचारतात तेव्हा त्यांना हेच ऐकायचं असतं.

ज्यांनी लिहिलं नाही त्यांचं काय?

आता जूनकडे परत येऊ, कारण मला या प्रकरणात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट तीच आहे.

१९२४ मध्ये हेन्रीनं नोकरी सोडली ती जूनच्या आग्रहावरून आणि तिच्या भरवशावर. पुढची वर्षं घर बहुतांशी तिनं चालवलं. नृत्यगृह, हॉटेलं, चोरून चालवलेला दारूचा अड्डा, आणि तिच्यावर लट्टू असलेल्या पुरुषांकडून काढलेले पैसे. हेन्रीचे छोटे गद्य तुकडे तिनं स्वतःच्या नावावर फिरून विकले. ‘मोलॉक’ ही तर तिनं आपणच लिहीत आहोत असं एका श्रीमंत चाहत्याला भासवलं, आणि त्याच्या पैशांतून ती आणि हेन्री १९२८ मध्ये युरोप फिरून आले.

शास्त्रीय भाषेत बोलायचं तर जून ही हेन्रीची पहिली फेलोशिप होती. पण साहित्याच्या इतिहासात तिची नोंद कशी आहे? मोहिनी, खोटारडी, प्रेरणा. तिनं स्वतः पुस्तक लिहिलं नाही. तिच्याबद्दल लिहिणारे दोघं जण होते, आणि त्या दोघांचे आपसात संबंध होते. साक्षीदार म्हणून त्यांना तटस्थ कसं म्हणणार? जून १९७९ पर्यंत जगली. म्हणजे ‘कॅप्रिकॉर्न’ निघालं तेव्हा ती हयात होती, ‘सेक्सस’ निघालं तेव्हा होती, अनाईसची डायरी तिच्या नावासकट छापली गेली तेव्हाही होती. या मधल्या काळात तिनं गरिबी पाहिली, आजारपण पाहिलं, मनोरुग्णालय पाहिलं. तिला कोणी विचारलं होतं का? संशोधन-नैतिकतेच्या प्रकरणात आपण ‘माहितीपूर्ण संमती’ची व्याख्या लिहितो. ती व्याख्या जूनच्या जागी उभं राहून एकदा वाचून पाहा.

आणि हे फक्त बोहेमियन लेखकांचं आहे असं समजू नका. २०१७ मध्ये ब्रूस होल्सिंगर या अमेरिकी प्राध्यापकांनी जुन्या विद्वत्तापूर्ण पुस्तकांतले ऋणनिर्देश ट्विटरवर टाकायला सुरुवात केली. हस्तलिखित टंकल्याबद्दल पत्नीचे आभार, प्रूफं तपासल्याबद्दल पत्नीचे आभार, आणि त्यातल्या कित्येकींचं नावसुद्धा नाही. ‘थँक्स फॉर टायपिंग’ या नावानं ते उदाहरणांचं भांडार जगभर फिरलं. लेखकाच्या ‘प्रेरणे’त आणि विद्वानाच्या ‘सहकार्या’त बरेचदा एकच गोष्ट दडलेली असते: दुसऱ्या कोणाचा तरी वेळ.

तुमच्या आराखड्यासाठी

विषय कुठलाही असो, साहित्य, इतिहास, समाजशास्त्र किंवा माझ्यासारखं विज्ञान, आराखडा लिहायला बसाल तेव्हा एवढं करा:

१. तुमच्या शीर्षकातला सगळ्यात सुंदर शब्द शोधा आणि त्याचे तुकडे पाडा. ‘प्रेरणा’, ‘प्रभाव’, ‘जाणीव’, ‘विकास’ हे शब्द बहुधा तीन-चार वेगळ्या गोष्टी झाकून ठेवतात.

२. प्रत्येक साधनासमोर दोन तारखा लिहा, लिहिल्याची आणि प्रसिद्ध झाल्याची.

३. कालक्रम एका पानावर मांडा. ‘आधी हे, मग ते’ ही गोष्ट कितीदा तरी तिथेच कोसळते.

४. पैसे कुठून आले ते शोधा. उत्तर मिळालं नाही तर त्याचीही नोंद करा.

५. या प्रकरणात ज्यानं काहीच लिहिलं नाही, अशा माणसाचं नाव लिहा. त्याचं म्हणणं कळायला दुसरा काही मार्ग आहे का ते पाहा. नसेल, तर अभ्यासाच्या मर्यादांमध्ये ते स्पष्ट लिहा.

शेवटी एक. पीएचडी करणाऱ्यांमध्येही ही वादळाची गोष्ट वेगळ्या रूपात फिरत असते. झोप नको, घर नको, नाती बिघडली तरी चालतील, त्रास झाला की काम चांगलं होतं. असं कोणी सांगितलं तर हेन्रीचा कालक्रम आठवा. त्याचं पुस्तक झालं तेव्हा त्याच्याकडे जेवण होतं, छप्पर होतं आणि मसुदा वाचणारं माणूस होतं. पहिल्या दोन गोष्टींसाठी फेलोशिपचा अर्ज वेळेत भरा. तिसरं माणूस आत्तापासून शोधायला लागा, आणि सापडलं की ऋणनिर्देशात त्याचं पूर्ण नाव लिहा.